दुखण्याचा मान

हिंमतरावांना हृदयविकाराने जेवढं दिलं, तेवढं ना काळ्या जमिनीने दिलं, ना सोसायटीच्या चेअरमनकीने. असं कुणी तोंडावर म्हणालं तर ते चप्पल काढतील. पण हिशोब तो हिशोब. सुरतेला जाऊन त्यांच्या हृदयात स्टेंट बसला, त्या दिवसापासून ओसरीतली सागवानी खाट त्यांची झाली. पंखा खाटेच्या डोक्यावर सरकला, टीव्हीचा रिमोट उशीखाली आला. भावकीतल्या लग्नांना जायचं टळलं. डॉक्टर म्हणाले होते, ‘यांना चिडू देऊ नका’. हे एवढं एक वाक्य हिंमतरावांनी जातीने कळसाडी गावभर पोचवलं आणि घरात त्यांच्याशी वाद घालणारं कुणी उरलं नाही. ज्या चुलतभावाशी बांधावरून उभं आयुष्य भांडण्यात गेलं, तोसुद्धा सफरचंदांची पिशवी घेऊन आला, खाटेशी बसला आणि जाताना म्हणाला, “बांध तुन्हाच शे भाऊ. पन तू शांत ऱ्हाय.” कोर्टाला जे जमलं नव्हतं, ते एका बंद पडलेल्या नळीने करून दाखवलं.

पण खरी कमाई वेगळीच होती. ती म्हणजे ऐकणारी माणसं.

आपल्याकडे माणूस दवाखान्यातून घरी आला की नातेवाईक भेटायला येतात. फोनवर विचारलं तर ते विचारणं धरत नाहीत. जीप करून, नारळ-बिस्किटं घेऊन, चार गावांची माणसं एका गाडीत कोंबून यावं लागतं आणि आलेल्याला दुखणं पहिल्यापासून सांगावं लागतं. हिंमतराव ते सांगत. सुरुवातीला त्यांच्या छातीवर दगड पडला होता. दिवाळीपर्यंत त्या दगडाची कापसाची गाठ झाली. आणि ऊसतोड सुरू झाली तसं त्यांच्या छातीवर उसाने भरलेली ट्रॉली चढू लागली. सांगताना ते उजव्या हाताची मूठ वळून छातीच्या मधोमध दाबून धरत, डोळे मिटत आणि थोडा वेळ गप्प राहत. त्या गप्प राहण्याला बायका पदर तोंडाला लावत.

त्यात भर म्हणजे हिंमतराव ‘रिसर्चमध्ये’ होते. दूरच्या शहरातली एक मोठी संस्था खान्देशातल्या हृदयरोग्यांचं पुढे काय होतं, याचा अभ्यास करत होती. सुरतेच्या दवाखान्यातून घरी परतलेल्यांची यादी घेऊन तिची माणसं गावोगाव फिरत. कळसाडीला येई ती गजाला. नंदुरबारची मुलगी, शिक्षणाने नर्स, स्कूटीवर पायाशी ईसीजीच्या मशीनची पेटी, बोलायला चटपटीत. ती आली की हिंमतराव मफलर नीट करत आणि शेजाऱ्याला ऐकू जाईल असं म्हणत, “ये पोरी, ये. देख तुन्हं मशीन. आम्हनं दिल काय म्हनस ते सांग दुनियाले.”

या सगळ्यात त्यांच्या बायकोला, धनुबाईंना, काय मिळालं? आलेल्यांचा चहा करायला मिळाला. फिका कुणाला, दुधाचा कुणाला, आल्याचा कुणाला. कोण कितव्यांदा आलंय आणि कोणाला मागच्या वेळी बशी मिळाली नाही म्हणून राग आहे, हेही त्यांनाच लक्षात ठेवावं लागे.

धनुबाई स्वयंपाकघराच्या दाराआडच असत. त्याला कारण होते चुडामण दादा, हिंमतरावांचे थोरले भाऊ. दादा रोज सकाळी येऊन खाटेच्या पायथ्याच्या खुर्चीवर बसत ते जेवणवेळेपर्यंत. ते धनुबाईंचे जेठ. लग्न होऊन आल्यापासून धनुबाई त्यांच्यासमोर डोक्यावरचा पदर कपाळाखाली ओढत, खाटेवर बसत नसत आणि आवाज त्यांच्या कानी पडू देत नसत. काही सांगायचंच झालं तर आधी लेकींकडून, आता सुनेकडून, काजलकडून. दादाही रीतीला पक्के. ओट्यावर पाय ठेवायच्या आधी मोठ्याने खोकत, म्हणजे आतल्या बाईने पदर सावरावा. उभ्या जन्मात दादांनी भावजयीचा आवाज ऐकला नव्हता; तिने काय रांधलंय ते मात्र वासावरून अचूक सांगत.

आता गंमत बघा. हिंमतराव दिवसातून चार वेळा ‘छाती’ म्हणत आणि लोक माना हलवत. तोच शब्द धनुबाईंच्या तोंडून कधी निघाला नव्हता. बाईमाणसाने चारचौघांत, त्यातून जेठासमोर, तो शब्द उच्चारायचा नसतो. पाठ म्हणावं, पित्त म्हणावं, ‘अंग दुखतंय’ म्हणावं. भाद्रपदात त्यांची दाढ दुखू लागली, म्हणजे दाढेपासून खाली कुठेतरी दुखू लागलं, तर मुलगा भूपेशने त्यांना मोटरसायकलवर बसवून शहाद्याला नेलं आणि दाढ काढून आणली. दाढ काढणाऱ्यानेही म्हणे दाढ हातात धरून थोडा वेळ बघितलं होतं. ती चांगली होती. हिंमतरावांना त्या दिवसाचं एवढंच आठवे की सारंगखेड्याची मंडळी आली होती आणि काजलने सगळ्यांना सारखाच गोड चहा दिला.

पौषातला दिवस. सातपुड्याकडून वारा सुटला होता आणि उन्हातसुद्धा अंगावर शाल लागत होती. गजालाची फेरी त्याच दिवशी आणि प्रकाशा गावाहून हिंमतरावांची थोरली बहीण निर्मलाबाई जीप भरून त्याच दिवशी. ओसरीत पाय ठेवायला जागा नाही. गजालाने हिंमतरावांच्या उघड्या छातीवर पट्ट्या चिकटवल्या होत्या, वायरी लोंबत होत्या, खुर्चीत चुडामण दादा, खाली चटईवर प्रकाशाहून आलेल्या बायका. हिंमतरावांना याहून चांगली बैठक कधी मिळाली नव्हती.

“आबा, बोलू नका ना. रेघ हलते,” गजाला म्हणाली.

“हलू दे. सांगनं पडी ना, बहीन येल शे,” हिंमतराव म्हणाले आणि निर्मलाबाईंकडे वळले. “तर मी मोटर चालू कराले वाकनू, आन् आठे... देख बहीन, आठे, अशी ट्रॉली चढनी. उसनी भरेल!”

“बाप रे,” निर्मलाबाई म्हणाल्या. “मांगे तू गाठ म्हने ना, कापूसनी?”

“ते सुरुवातले. मंग ट्रॉली.”

त्यांनी मूठ वळली, छातीच्या मधोमध दाबली. डोळे मिटले. गप्प राहिले. मग कोणी पदर तोंडाला लावला की नाही ते पाहायला एक डोळा किलकिला केला.

तर त्यांना स्वयंपाकघराचं दार दिसलं. दारात धनुबाई. हातातला कपांचा ट्रे त्यांनी उंबऱ्यावर टेकवला होता आणि वाकूनच राहिल्या होत्या. उजव्या हाताची मूठ वळून छातीच्या मधोमध दाबली होती. डोळे मिटलेले. एवढ्या थंडीत कपाळावर घामाचे थेंब.

हिंमतरावांच्या मनात पहिला विचार आला तो काही सांगण्यासारखा नव्हता. ते मनात म्हणाले, ही माझी नक्कल करते की काय? दुसरा विचार त्याच्या मागोमाग आला: या बाईने आजवर कोणाची नक्कल केलेली नाही. आणि मग आला तिसरा. ती मूठ ओळखीची होती. ती सांगण्यातली मूठ नव्हती. मोटरीपाशी, चिखलात, एकटे असताना त्यांनी धरली होती ती होती. तेव्हा ट्रॉली नव्हती की गाठ नव्हती. नुसतं ‘आता संपलं’ एवढंच होतं.

“मंग? मंग काय झायं?” निर्मलाबाईंनी विचारलं.

हिंमतरावांची नजर दारावरून हलेना.

“अरे सांग ना. गुळनी खडी अडकनी का घसामा?”

“भूपेशनी माय,” हिंमतरावांनी हाक मारली. आवाज बारीक निघाला. “आठे ये.”

धनुबाईंनी डोळे उघडले, पदर ओढला, मूठ सोडून ट्रे उचलायला गेल्या. काजलने तो घाईने घेतला. त्या उंबऱ्यापर्यंत आल्या आणि थांबल्या; पुढे जेठ बसले होते.

“काय व्हस तुले?”

धनुबाई काजलच्या कानाशी काही पुटपुटल्या. काजलने मोठ्याने सांगितलं, “त्या म्हनतस, पित्त शे. पाठ दुखस.”

“पित्तले घाम येस का?” हिंमतराव ओरडले. मग गजालाकडे वळले. “पोरी, ह्या वायरी काढ मन्ह्या. तिले लाव.”

“आबा, तुमच्या ईसीजीची पट्टी अर्धीच निघालीय. हलू नका.”

“मन्ही पट्टी जाऊ दे खड्डामा! तिले लाव म्हनस ना.”

“मावशी स्टडीत नाहीत, आबा—” गजालाच्या तोंडून सवयीने निघून गेलं. ती वळली, धनुबाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि वाक्य तिथेच राहिलं. ती पट्ट्या ओढून काढू लागली. हिंमतरावांचे छातीवरचे केस त्यांबरोबर निघाले, तरी त्यांनी हूं की चूं केलं नाही.

निर्मलाबाई मात्र उसळल्या. “हिंमत, तुले येड लागनं का? दुखनं तुन्हं, आन् खाटवर ती? इतला मान्सं कोनले भेटाले येल शेत?”

धनुबाई पुन्हा काजलच्या कानाशी लागल्या.

“त्या म्हनतस,” काजल चाचरत म्हणाली, “मोठा आबा बठेल शेत. खाटवर कशी जाऊ?”

हे खरंच होतं. जेठ समोर असताना बाई खाटेवर पडणार, तीही छाती उघडी टाकून? त्यापेक्षा ती उंबऱ्यावर मरेल. हिंमतरावांना ती ओळखीची होती. ती खरंच मरेल, हे त्यांना पक्कं माहीत होतं.

आता राहिलं एकच. ते त्यांनी आयुष्यात कधी केलं नव्हतं. वडील गेल्यापासून त्यांनी थोरल्या भावाला ‘ऊठ’ म्हटलं नव्हतं. पंगतीत नाही, पंचायतीत नाही, वाटणीच्या दिवशीसुद्धा नाही. ते खाटेवरून उतरले, उघड्या अंगानेच खुर्चीपाशी गेले.

“दादा,” ते म्हणाले. “तू जरा बाहेर बठ.”

चुडामण दादांनी वर पाहिलं. डोळे अधू, पण इतकेही अधू नव्हते. त्यांनी भावाकडे पाहिलं, दाराकडे पाहिलं नाही. त्या बाजूला ते कधीच पाहत नसत. काठी घेतली, उठले. दाराशी पोचले आणि खोकले. येताना खोकायची रीत होती. जाताना कोणी खोकत नाही. मग ओट्यावरून त्यांचा खोकला आला. मग थोडा लांबून, निंबाखालून. मग आणखी लांबून, फाटकाशी. म्हातारा आपण किती दूर गेलोय ते भावजयीला कळवत होता.

“तुम्हीन बी,” धनुबाई म्हणाल्या. पहिल्यांदाच स्वतःच्या तोंडाने, हलक्याने.

हिंमतराव शाल गुंडाळून स्वयंपाकघरात गेले आणि काजलने दार ओढून घेतलं.

घर त्यांचं, पण या दाराच्या या बाजूला ते कधी उभे राहिले नव्हते. दाराशेजारी भिंतीला टेकून दुमडलेलं पोतं होतं, बसून बसून खोलगट झालेलं. पोह्यांच्या डब्यामागे पित्ताच्या पावडरीच्या रिकाम्या पुड्या खोचल्या होत्या, इतक्या की डबा पुढे सरकला होता. शेगडीवर आणखी एका गाडीचा चहा उकळत होता. त्यांनी गॅस बंद केला. बटण कुठल्या बाजूला फिरवायचं ते कळायला त्यांना दोनदा प्रयत्न करावा लागला.

पलीकडून खाट करकरली. गजालाचा आवाज आला, आता चटपटीत नव्हता. “मावशी, आता सगळ्या बायकाच आहोत. कुठे दुखतं? तोंडाने सांगायचं नसेल तर हात ठेवून दाखवा.”

बांगड्या किणकिणल्या.

“असं? आणि हे हाताकडे जातं? जबड्याकडे?”

“दाढले वाटे मले,” धनुबाई म्हणाल्या. “ती ते काढी टाकी.”

“कधीपासून?”

“तुम्हीन पह्यले वनात ना, तवयपाईन.”

“पहिल्या भेटीपासून? मावशी!” गजालाचा आवाज चढला, मग उतरला. “मी दर वेळी तुम्हाला विचारते ना, छातीत दुखतं का म्हणून?”

“तुम्हीन त्यासनं ईचारतस,” धनुबाई शांतपणे म्हणाल्या. “मी खरंच सांगस. त्यासले नही दुखत.”

हिंमतरावांनी पोत्यावर बसकण मारली. गजाला येते, वही काढते, दाराआडच्या सावलीला विचारते: पेशंट गोळ्या वेळेवर घेतात का? पेशंटला चालताना धाप लागते का? आणि सावली काजलच्या तोंडून उत्तरं देते. त्या वहीत धनुबाईंना जागा होती, नाही असं नाही. नवऱ्याची खबर देणारी म्हणून होती. आणि हिंमतराव खाटेवर पडल्या पडल्या मध्येच म्हणत, “तिले काय ईचारतीस, मी सांगस ना.”

मशीनची घरघर झाली. मग गजाला फोनवर बोलू लागली. फोनच्या पलीकडे भाग्येश सर, म्हणजे तिच्या अभ्यासाचे डॉक्टर.

“सर, कळसाडीहून. फोटो पाठवलाय, बघितलात?... नाही सर, पार्टिसिपंट नाहीत, त्यांची पत्नी... हो, जुनं दिसतंय आणि नवीनही... सर, यादीत नाव यायला आधी दवाखान्यात पोचावं लागतं. ज्या पोचतच नाहीत त्यांचं मी काय करू?... हो सर. ॲस्पिरिन, चावून. हो. लगेच.”

दार उघडलं तेव्हा हिंमतराव आपल्या गोळ्यांच्या डब्यातली ॲस्पिरिनची पट्टी हातात घेऊन उभे होते. आजवर त्या डब्याला त्यांनी कोणाला हात लावू दिला नव्हता.

एकशेआठला फोन लागला. गाडी तळोद्याकडे गेली होती. भूपेश कारखान्यावर. हिंमतराव फाटकाकडे धावणार तोच निर्मलाबाईंनी जीपच्या ड्रायव्हरला हाक मारली, “इंद्रसिंग! आठे लाव गाडी, दारशी!” मग सगळे आपल्याकडे पाहतात हे पाहून खेकसल्या, “देखतस काय? जीप काय नुसती च्या पेवाले लई येल शे का? बठाडा तिले!”

मागच्या सीटवर धनुबाईंना आडवं केलं. नणंदेसमोर नवऱ्याच्या मांडीवर डोकं ठेवायला त्या तयार होईनात. शेवटी निर्मलाबाईंनीच आपली मांडी पुढे केली. “ठेव. मन्हा भाऊनी मांडीमा काय सोनं लागेल शे?” हिंमतराव पायाशी बसले, पाय धरून. नवऱ्याने बायकोचे पाय धरलेले प्रकाशाच्या बायकांनी पाहिले आणि त्यांनी ते पुढे कुठे सांगितलं नाही, यावरून त्या दिवशी सगळे किती घाबरले होते ते समजावं.

शहाद्याच्या दवाखान्यात मात्र भलतंच झालं. जीप थांबली. हिंमतराव आधी उतरले. मफलर, शाल, चेहरा पांढराफटक, काखेत सवयीने आपली जाडजूड फाइल. वॉर्डबॉयने त्यांना बघितलं, ‘हार्टचा पेशंट’ एवढंच ऐकलं होतं, त्याने चाकाची खुर्ची त्यांच्या गुडघ्यामागे आणली आणि त्यांना बसतं करून आत ढकलत सुटला.

“अरे, मी नही! मी नही रे!”

“हो आबा, घाबरू नका. सगळे असंच म्हणतात.”

आतल्या डॉक्टरांनी फाइल उघडलीसुद्धा. “अच्छा, स्टेंट झालेला आहे. शर्ट काढा.”

“साहेब, तिले! तिले देखा!”

गजाला स्कूटी लावून मागून धावत आली तेव्हा हिंमतरावांना दोघं धरून झोपवत होते. आणि धनुबाई? त्या जीपमधून आपल्या पायांनी उतरून आत आल्या होत्या आणि भिंतीशी पदर ओढून उभ्या होत्या, जशा पेशंटबरोबर आलेल्या बायका उभ्या असतात तशा. त्यांच्याकडे कोणी पाहिलंच नव्हतं. नवऱ्याला दोघांशी झटापट करताना पाहून त्यांना हसू फुटलं. हसताना दुखलं, मूठ पुन्हा छातीकडे गेली, तरी त्या हसत होत्या.

“भूपेशना बाप,” त्या म्हणाल्या, त्या अनोळखी पुरुषांच्या गर्दीत, चांगलं मोठ्याने, “उठा आते. मले बठू द्या.”

हिंमतराव उठले.

तिथून सुरत; निर्मलाबाईंची जीपही मागोमाग. मधले तास हिंमतरावांनी कसे काढले, ते त्यांनी पुढे कधीही कोणाला सांगितलं नाही आणि ज्याने उसाची ट्रॉली सांगितली त्या माणसाने हे न सांगणं, यात काय ते आलं. सकाळी डॉक्टर बाहेर आले. नळी उघडली होती, स्टेंट बसला होता, बाई बोलत होती. पण हृदयाच्या खालच्या बाजूचा एक भाग आधीच मेलेला होता. पावसाळ्यात कधीतरी एक झटका येऊन गेला असावा, डॉक्टर म्हणाले. बायकांमध्ये असं होतं. कळत नाही. सायलेंट अटॅक.

“सायलेंट नव्हता, साहेब,” हिंमतराव म्हणाले. “बोलत आम्ही होतो.”

डॉक्टरांना ते कळलं नाही. मागून येऊन पोचलेल्या भूपेशला कळलं, तो खिडकीकडे वळला.

धनुबाई घरी आल्या आणि पुन्हा जीपा सुरू झाल्या. आता सागवानी खाटेवर त्या होत्या. मंडळी येत, धनुबाईंकडे बघून मान हलवत आणि मग वळून हिंमतरावांना विचारत, “तुमची तब्येत कशी शे आते? बाई मांदी पडनी, तुम्हना हाल झाया असतीन.”

“मले काय ईचारतस? तिले ईचारा,” हिंमतराव म्हणत.

धनुबाईंना विचारलं तर त्यांच्याकडे गोष्टच नव्हती. “दुखनं. मंग सुरतले गऊत. आते बरं शे.” झालं. हिंमतरावांची जीभ वळवळे. या बाईला कापसाची गाठसुद्धा सुचू नये? पण ते उठत आणि चहाचं आधण ठेवायला आत जात. चहा पांचट होई. आलेले लोक पीत आणि लवकर उठत. काजल म्हणे, मामंजींच्या हातचा चहा हेच खरं औषध. गर्दी निम्म्यावर आली.

दुपारी गडी माणसं शेतात गेली की मात्र वेगळ्या बायका येत. जीपने नाही, पायी, गल्लीतल्याच. नारळ नाही, बिस्किटं नाहीत. दार लोटून खाटेशी बसत. काही बोलत, काही नुसता हात ठेवून विचारत, “वहिनी, आठेच ना? असंच व्हये ना?” धनुबाई मान हलवत किंवा म्हणत, “नही, ते तुन्हं पित्तच शे.” हिंमतराव त्या वेळात ओट्यावर दादांबरोबर बसत. आत काय चाललंय ते ऐकू येई, म्हणून दोघं भाऊ मुद्दाम मोठ्याने कापसाच्या भावावर बोलत.

गजाला आली ती यावेळी दुपारी. तिने वरिष्ठांना कळवलं होतं: यापुढे पुरुष बाहेर, बाई एकटी, आणि विचारायचं तिचं दुखणं, नवऱ्याचं नाही. ज्या घरात एक हृदयरोगी आहे त्या घरातली बाईही तपासायची. तिकडून उत्तर आलं, सध्या एवढ्या एका तालुक्यात करून पाहू. ‘पाहू’ या शब्दावर गजाला अजून रागावलेली होती.

“मावशी, अभ्यासात याल का? मनाविरुद्ध नाही हं. नाही म्हणालात तरी मी चहाला येईनच.”

“च्या तुम्हना आबा करतस,” धनुबाई म्हणाल्या. “ईचार करीसन या.”

गजाला हसली. धनुबाईंनी सगळं ऐकून घेतलं, दोन गोष्टी पुन्हा विचारल्या, आणि सही करायला पेन हातात घेऊन थांबल्या.

“मन्हं एक शे. मन्हं दुखनं मी सांगसू. वहूले नका ईचारा, त्यासले नका ईचारा.”

“नाही विचारणार.”

त्यांनी सही केली. अक्षर शाळेतल्या मुलीचं होतं, कारण शाळेनंतर ते फारसं वापरलं गेलं नव्हतं.

आता या सगळ्याची किंमत कोणी काय भरली ते पाहू. चुडामण दादांची खुर्ची ओट्यावर गेली ती गेली. गारठा असो की ऊन, ते तिथेच बसतात आणि खोकायचं कारणच उरलं नाही म्हणून थोडे हिरमुसले आहेत. गजालाला त्या दिवशी राहून गेलेल्या घरांबद्दल लेखी खुलासा द्यावा लागला. निर्मलाबाईंची जीप सुरतेत अडकली आणि दिराच्या घरचा साखरपुडा चुकला. त्यावरून त्या घराशी अजून बोलणं बंद आहे. हिंमतरावांनी ऐकणारी माणसं गमावली. आता कोणी आलं तर ते म्हणतात, “मन्हं काही नही, थोडं दुखे,” आणि हे ‘थोडं’ म्हणताना त्यांना जी किंमत पडते ती त्यांच्या भावालाच दिसते. धनुबाईंनी हृदयाचा एक तुकडा दिला, तो सुरतेलाही परत मिळत नाही. जिना चढताना तो त्यांना आठवण देतो. आणि मागच्या गल्लीतल्या रोशनीची सासू, जी एका दुपारी खाटेशी बसून नुसता हात ठेवून गेली होती, तिला वेळेत नेलं, ती हृदय पुरं शाबूत घेऊन परत आली. तिला काही भरावं लागलं नाही. तिच्या वाटचंही धनुबाईंनी पावसाळ्यातच भरून ठेवलं होतं.